तुम्ही विचारलंत म्हणून: आयरिश लोकांचं मला काय पडलंय

इथल्या गणेशोत्सवात, पुण्याच्या लग्नात, सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, इतकंच काय, खुद्द आयरिश आडनावाच्या माणसांकडूनही मला हाच प्रश्न येतो. तुम्ही मराठी, राहता मॉन्ट्रियलला, मग आयरिश लोकांच्या जुन्या गोष्टी कशाला गोळा करत फिरता? तुमचं काय त्यात? सांगलीच्या आत्याने तर थेट वर्मावर बोट ठेवलं. "अगं, आपल्या वाड्यातली मोडी कागदांची दप्तरं वाळवीने खाल्ली, तेव्हा कुठे होतीस?" आत्या, तेव्हा मी शाळेत होते. माळ्यावर दप्तरं आहेत हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. त्या वेळी मी बोलले नाही, आज बोलते.

बरीच वर्षं माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. १८४७ साली आयर्लंडच्या दुष्काळातून माणसं जहाजं भरभरून सेंट लॉरेन्स नदीने वर आली. जहाजातच टायफसचा ताप पसरलेला. नदीतल्या ग्रोस ईल बेटावर आजाऱ्यांना अडवण्यासाठी होणारी तपासणी अपुरी पडली आणि ताप मॉन्ट्रियलला पोचला. शहराची वस्ती तेव्हा सुमारे ५०,०००. त्याहून जास्त माणसं त्या एका वर्षात इथे उतरली. नदीकाठी विंडमिल पॉइंटला लाकडी शेड उभ्या केल्या. ग्रे नन्स या कॅथलिक संघाच्या सिस्टर शुश्रूषेसाठी आत गेल्या, त्यांतल्या काही परत आल्या नाहीत. महापौर जॉन ईस्टन मिल्स स्वतः रोग्यांपाशी जात असे. नोव्हेंबरात तोही त्याच तापाने गेला. एवढं सांगून मी म्हणायचे, बरोबर पन्नास वर्षांनी, १८९७ त, आपल्या सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. मराठी श्रोते माना डोलवायचे आणि विषय तिथेच संपायचा.

हे उत्तर मी आता देत नाही. त्यात खोटं काहीच नाही, पण माझं कारण ते नव्हतं. दोन्हीकडे थोर माणसं होऊन गेली म्हणून कोणी सुट्टीच्या दिवशी अनोळखी म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत नाही. लोकांना पटेल असं काहीतरी हाताशी हवं, म्हणून मी ते वापरत होते.

खरं कारण निदान सुरुवातीला तरी फार साधं होतं. मी ग्रिफिनटाऊनमध्ये राहते. लाशीन कालव्याच्या काठची ही आयरिश मजुरांची वस्ती. १८२०च्या दशकात कालवा खणणाऱ्यांत त्यांचे हात होते, पुढे गोदी, रेल्वे आणि कारखाने त्यांच्यावर चालले. १९६३ साली महापालिकेने या भागावर औद्योगिक वापराचा शिक्का मारला, मग एक्स्प्रेसवे आला, माणसं व्हर्डन, पॉइंट सेंट चार्ल्स अशा शहरातल्याच दुसऱ्या वस्त्यांत निघून गेली. १८५४ चं सेंट ॲन चर्च १९७० त पाडलं. त्या जागी आता बाग आहे, आणि चर्चमधल्या बाकांच्या रांगा होत्या तशी बागेतली बाकं मांडलेली आहेत, वेदी होती त्या दिशेला तोंड करून. आमच्यासारखे काचेच्या इमारतींत राहायला आलेले लोक त्यांवर बसून कॉफी पितात. आपण कोणाच्या जागेवर राहतो हे विचारायला त्याच कुळातलं असावं लागतं, हे मला कधीच पटलं नाही.

आणि तो दगड. १८५९ साली व्हिक्टोरिया पूल बांधणाऱ्या कामगारांना खणताना तापात मेलेल्यांची हाडं लागली. त्यांनी नदीच्या पात्रातून निघालेला सुमारे ३० टनांचा दगड तिथे उभा केला आणि त्यावर कोरलं, १८४७-४८ त जहाजतापाने मेलेल्या ६,००० स्थलांतरितांच्या अवशेषांची विटंबना होऊ नये म्हणून. १९०० साली रेल्वेने तो उचलून दुसऱ्या चौकात नेला. लोक भांडले आणि काही वर्षांनी तो परत आला. आज तो ब्रिज स्ट्रीटच्या दुभाजकावर आहे, धुराने काळा पडलेला, दोन्ही अंगांनी ट्रक जातात. २०१९ त त्याच्या जवळच आरईएम या नव्या रेल्वेमार्गाच्या एका खांबासाठी उत्खनन झालं, तेव्हा १२ ते १५ माणसांचे अवशेष मिळाले. त्याच सुमारास ग्रिफिनटाऊनच्या नव्या स्टेशनाला दिवंगत नेते बर्नार लांद्री यांचं नाव द्यायची घोषणा झाली. आयरिश लोकांनी विरोध केला, शेवटी दोन्ही नावं जोडून स्टेशनाचं नाव ठेवलं. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सेंट गॅब्रिएल चर्चपासून या दगडापर्यंत लोक चालत जातात. मीही जाते.

एका गृहस्थांनी मला सुनावलं होतं, "कंपनी सरकारच्या फौजेत गोरे सैनिक म्हणून कितीतरी आयरिशच होते, हे विसरलात वाटतं." विसरले नाही. तापाच्या शेडमध्ये मेलेल्या बाईचा त्याच्याशी काय संबंध, ते त्यांनी सांगावं.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. दगड, चर्च, मिरवणूक यांच्यावर सगळ्यांचं एकमत होतं. शहराच्या ध्वजावर शॅमरॉकचं, म्हणजे आयरिश लोकांच्या चिन्हाचं पान आहे, त्यांचा संत सेंट पॅट्रिक याची मिरवणूक १८२४ पासून निघते, ते जपायला माझी गरज नाही. १८७९ त इथे मेरी गॅलहर नावाच्या बाईचा खून झाला, डोकं धडावेगळं केलं होतं. दर सात वर्षांनी ती आपलं डोकं शोधत येते, ही दंतकथा प्रत्येकाला पाठ आहे. तिचं भूत जपलं गेलं. ती जगली कशी, हे कोणी फारसं सांगत नाही. मला ते दुसरं हवं होतं. भाडं कुठून येत होतं, नळ कुठे होता, मूल आजारी पडलं की काय करायचे. म्हणून मी रेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जायला लागले.

त्यांतल्या एका आजींबद्दल मला लिहायचंय. नाव देणार नाही. नव्वदीच्या आसपास, ग्रिफिनटाऊनमध्ये जन्म, नंतर सगळं आयुष्य व्हर्डनमध्ये. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणकापड होतं. चमच्याच्या दांड्याने त्यांनी त्यावर आपलं अंगण आखून दाखवलं. ही रस्त्यावरची कमान, घोडागाडी आत येईल एवढी. हा तबेला. हा लाकडी जिना, आणि जिन्याखाली संडास, तीन बिऱ्हाडांत मिळून. घरात फक्त गार पाण्याचा नळ. मेणकापडावर रेघा दिसायच्या आणि विरून जायच्या, की त्या पुन्हा काढायच्या. वडील गोदीवर हमाल. हिवाळ्यात नदी गोठायची, बंदर बंद, म्हणजे काम बंद. मंदीच्या वर्षांत तर उन्हाळ्यातही काम मिळेना.

त्यांनी विचारलं, "ते चालू आहे ना?" मी म्हटलं, "हो, चालू आहे. बंद करू?" त्या म्हणाल्या, "राहू दे." आणि मग त्यांनी सांगितलं की त्यांना एक धाकटी बहीण होती. चालायला लागलेली. एका हिवाळ्यात आईने तिला अनाथालयात नेऊन ठेवलं, वसंत ऋतूत परत आणू म्हणून. बऱ्याच घरांत असं होत असे, मुलं परतही येत. ही आली नाही. आई आणायला गेली तेव्हा मूल एका कुटुंबाला देऊन झालं होतं. घरी आल्यावर आईने तिचा छोटा कोट कापून दुसऱ्या भावाला हातमोजे शिवले, आणि तिचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही. आजी रडल्या नाहीत. चमच्याने टेबलाची एक कड पुन्हा पुन्हा गिरवत राहिल्या. मी विचारलं, हे आजवर कोणाला सांगितलंत? "कोणाला सांगणार? इथल्या कोणालाही सांगितलं तर रविवारपर्यंत चर्चभर होईल. तू आमच्यातली नाहीस, म्हणून सांगते."

संमतीपत्रावर त्यांची सही आहे. पण दारात मला निरोप देताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "माझ्या मुलाला यातलं काही कळू देऊ नकोस."

त्या गेल्यावर वर्षभरात मुलगा माझ्याकडे आला. सत्तरीचा, निवृत्त, अतिशय सभ्य माणूस. आईचा आवाज ऐकायचा होता. मी त्याला अंगणाचा भाग दिला आणि सांगितलं, एक भाग असा आहे जो तुम्हाला देऊ नये असं त्यांनी मला सांगितलं होतं. खोटं बोलणं मला जमलं नसतं. तो म्हणाला, "आमच्या आजोबांची रेल्वेत कायमची नोकरी होती. आम्ही कधी कोणाच्या दारात उभे राहिलो नाही. आईचं वय झालं होतं, ती काहीही बोलली असेल. ते पुसून टाका." मी नाही म्हटलं. मग तो जे बोलला ते मी विसरू शकलेले नाही: "माझ्या घरातली गोष्ट एका परक्या बाईच्या कपाटात का असावी?"

हा तुमचाच प्रश्न आहे. तुमचं काय त्यात. फक्त त्याला तो विचारायचा अधिकार आहे, तुम्हाला नाही.

या कामाला लागले तेव्हाची मी असते तर छातीठोक सांगितलं असतं, की माणसाने रेकॉर्डरसमोर जाणूनबुजून सांगितलेली गोष्ट जपायचीच, घरच्यांना पटो न पटो. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, दारातलं ते मनगट कुठल्या संमतीपत्रात बसतं? आणि तीही उलट विचारते, मग "चालू आहे ना" हे त्यांनी कशासाठी विचारलं? कोणी तरी ऐकावं असं वाटलं नसतं तर "बंद कर" म्हणणं अवघड नव्हतं. दोघींपैकी एकीचंही म्हणणं मला खोडता येत नाही.

एका संग्रहाला मी ही फीत ठेवून घ्यायची विनंती केली. त्यांनी सांगितलं, कुटुंबाची हरकत असेल तर नको. दुसऱ्या जाणकाराने सुचवलं, पन्नास वर्षं सीलबंद ठेवा. मला ते पटत नाही. ती धाकटी बहीण कुठे तरी वाढली, बहुधा दुसऱ्या आडनावाने. ती गेलीही असेल, पण तिची मुलंबाळं असतील, आणि पन्नास वर्षांनी तीही नसतील. आमच्या क्युबेक प्रांतात २०१८ पासून कायदा बदलला आहे, दत्तक गेलेल्यांना जन्मदात्यांची नावं कळायची वाट थोडी मोकळी झाली. समजा त्यांच्यातलं कोणी आपली आजी कुठून आली ते शोधत इथे आलं, तर नोंदवहीत त्यांना फार तर एक नाव मिळेल. वसंत ऋतूत आई तिला आणायला परत गेली होती, हे फक्त माझ्या कपाटातल्या फितीत आहे. तिला टाकून दिलं नव्हतं, हे कळण्याचा हक्क त्यांना नाही का? घराण्याची अब्रू एकट्या मुलाची, आणि ती बहीण कोणाचीच नाही?

हे बोलताना माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. मुलाचं म्हणणं मला समजतं. आत्याने वाड्यातल्या गोष्टी परक्या माणसाला सांगितल्या असत्या, तर मीही तशीच धावून गेले असते. आमच्या घरातही एक काकू होती, जिच्याबद्दल मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची. ती कोण, कुठून आली, कुठे गेली, मला आजतागायत माहीत नाही. आत्याला ठाऊक असेल. विचारलं तर ती वाळवीवर बोलते.

तेव्हा आयरिश लोकांचं काय पडलंय, याला माझं उत्तर हे. त्यांच्यातल्या कोणाला जे सांगता आलं नसतं, ते परकी म्हणून मला सांगितलं गेलं. मला ते नको होतं असं नाही. हवंच होतं, मी त्याच शोधात गेले होते. आता ते माझ्याकडे आहे आणि ते कोणाचं आहे हे ठरत नाही.

गेल्या महिन्यात मी मुलाला पत्र लिहिलं. फीत नष्ट करणार नाही, प्रसिद्धही करणार नाही, पण त्या बहिणीच्या वंशातलं कोणी माझ्यापर्यंत पोचलं तर ऐकवेन, असं स्पष्ट कळवलं. आजींनी मुलाला यातलं काही कळू देऊ नकोस म्हटलं होतं, आणि या पत्रातून त्याला आईची एक बहीण असल्याचं कळलं. ते टाळून हे लिहिता येईल असा मार्ग मला सापडला नाही. त्याने चार ओळींत उत्तर पाठवलं. तीन ओळींत आपल्या वकिलाचं नाव आणि पत्ता. चौथीत विचारलं होतं, तिचं नाव काय होतं.