केसाहून बारीक स्प्रिंग आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद

वडिलांचे हातचावीचे स्विस घड्याळ मी गेली अठरा वर्षे वापरतो आहे. ते दिवसाला अर्धा मिनिट मागे पडते हे मला ठाऊक होते आणि रोज सकाळी चावी देताना तेवढी दुरुस्ती करण्याची सवयही झाली होती. मागच्या पावसाळ्यात मात्र ते अचानक दिवसाला वीस मिनिटे पुढे जाऊ लागले. पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या मागे एका बोळात बसणाऱ्या वयोवृद्ध घड्याळजींकडे मी ते घेऊन गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि क्षणभरातच विचारले, “हे कशाजवळ ठेवलं होतं हो?” घरी नवा आणलेला छोटा स्पीकर मला तेव्हा आठवला. रात्री झोपताना घड्याळ काढून मी त्याच्यावरच ठेवत होतो. त्यांनी टेबलावरचे लहानसे होकायंत्र घड्याळाजवळ नेले, तेव्हा त्याची सुई थरथरली. मग विजेवर चालणाऱ्या एका वेटोळ्यात घड्याळ धरून त्यांनी ते हळूहळू दूर ओढले आणि तेवढ्यावर काम झाले.

मी आयुष्यभर पोलादाच्या उष्णोपचाराचे काम केले. वाहनांच्या स्प्रिंगा किती तापवायच्या, कशात विझवायच्या आणि नंतर किती मऊ करायच्या, यातच माझी नोकरी गेली. त्यामुळे घड्याळाच्या आत बसलेली केसाहून बारीक स्प्रिंग चुंबकामुळे बिघडते, हे ऐकून मी तिच्यामागे लागलो आणि वर्षभर जे मिळेल ते वाचले. स्विस घड्याळांचा नेमकेपणा म्हटले की आपण कारागिरांच्या हाताचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु माझ्या मते त्या नेमकेपणाचा खरा इतिहास धातुशास्त्राचा आहे, आणि तो या एका स्प्रिंगेभोवती फिरतो.

घड्याळाचे काळीज म्हणजे बॅलन्स नावाचे लहान चाक आणि त्याला जोडलेली सपाट वेटोळ्यांची हेअरस्प्रिंग. चाक एका बाजूला फिरते, स्प्रिंग त्याला परत ओढते, ते विरुद्ध बाजूला जाते, स्प्रिंग पुन्हा ओढते. जुन्या घड्याळांत हे चाक ताशी १८,००० झोके घेत असे. आजच्या बहुतेक घड्याळांत ते २८,८०० घेते, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० झोके. एका झोक्याला किती वेळ लागावा हे चाकाचे जडत्व आणि स्प्रिंगेचा ताठपणा या दोनच गोष्टी मुख्यतः ठरवतात. चुंबकत्व शिरले की स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी कमी होते, ती अधिक ताठ वागते आणि घड्याळ धावू लागते. माझ्या घड्याळाचे नेमके तेच झाले होते.

या स्प्रिंगेत चुकीला किती थोडी जागा आहे, हे मी एकदा कागदावर मांडून पाहिले. सपाट पट्टीच्या स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि झोक्यांचा वेग त्या ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे जाडी एक टक्क्याने वाढली की वेग दीड टक्क्याने वाढतो, आणि ८६,४०० सेकंदांच्या दिवसात दीड टक्का म्हणजे जवळजवळ २२ मिनिटे. पट्टी ३० मायक्रॉन जाडीची धरली, तर तिचा एक टक्का म्हणजे ०.३ मायक्रॉन. आमच्या कारखान्यात शंभरांश मिलिमीटर, म्हणजे दहा मायक्रॉन सांभाळले तरी आम्ही समाधान मानत असू. येथे त्याच्या तिसाव्या भागाएवढ्या फरकाने दिवसाचे वीस-बावीस मिनिटांचे गणित चुकते. म्हणूनच तार खेचून आणि लाटून स्प्रिंग बनवणारे लोक प्रत्येक स्प्रिंगेचा ताठपणा मोजतात, तिची वर्गवारी करतात आणि तिला साजेसे बॅलन्स चाक निवडून जोडी लावतात. उरलेला थोडा फरक घड्याळजी आपल्या चिमट्याने किंवा चाकावरच्या इवल्या स्क्रूंनी काढतो.

जाडी साधली तरी तापमान उरतेच. तापलेल्या पोलादाची लवचिकता घटते हे आमच्या धंद्यातले पहिले ज्ञान. साधी पोलादी स्प्रिंग आणि पितळी चाक असलेले घड्याळ तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की दिवसाला सुमारे ११ सेकंद मागे पडते. पुण्याच्या हिवाळ्यातली पहाट आणि त्याच दिवसाची दुपार यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांपर्यंतची चूक. यावर जुना उपाय असा होता की चाकाची कड पितळ आणि पोलाद एकमेकांना जोडून करायची आणि ती दोन ठिकाणी कापायची. उष्णतेने पितळ अधिक वाढते, कड आत वळते, चाकाचे जडत्व घटते आणि मऊ पडलेल्या स्प्रिंगेची भरपाई होते. उपाय सुंदर होता, पण तो दोन टोकांच्या तापमानांना जुळवला की मधल्या तापमानात थोडी चूक शिल्लक राहत असे.

हा प्रश्न ज्याने सोडवला तो माणूस घड्याळांच्याच मुलखातला होता. शार्ल एदुआर गियोम याचा जन्म १८६१ साली स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल परगण्यातल्या फ्लरिए या गावी एका घड्याळजीच्या घरी झाला. झुरिकला शिकून तो पॅरिसजवळच्या सेव्र येथे आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत गेला. तेथे त्याच्यापुढचे काम घड्याळाचे नव्हते. मीटरच्या प्रमाण पट्ट्या प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूच्या असत आणि त्या भयंकर महाग पडत. त्यांना स्वस्त पर्याय शोधताना तो लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रणांकडे वळला. १८९६ साली त्याला आढळले की सुमारे ३६ टक्के निकेल असलेले पोलाद तापवले तरी जवळजवळ वाढतच नाही. त्याचे प्रसरण साध्या पोलादाच्या एक दशांशाच्या आसपास असते. या धातूला त्याने इन्व्हार म्हटले, म्हणजे न बदलणारा. पुढे निकेलचे प्रमाण आणि क्रोमियमची भर यांवर काम करत त्याने एलिन्व्हार घडवला, ज्याची लवचिकता तापमानाबरोबर फारशी बदलत नाही. १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते निकेल-पोलादाच्या याच चमत्कारिक गुणांच्या शोधासाठी आणि त्यातून अचूक मापनाला झालेल्या मदतीसाठी. ज्या वर्षांत भौतिकशास्त्रात सापेक्षता आणि अणूची रचना गाजत होती, त्या वर्षांत हे पारितोषिक एका मिश्रधातूला मिळाले, याचा मला धातूच्या धंद्यातला माणूस म्हणून मनापासून आनंद वाटतो.

एलिन्व्हार हा मऊ धातू होता, त्याला सुधारून घड्याळाच्या रोजच्या वापरात आणण्याचे श्रेय राइनहार्ट श्ट्राउमान या स्विस अभियंत्याचे. १९३० च्या दशकात त्याने बेरिलियमसारख्या धातूंची भर घालून, योग्य उष्णोपचाराने कडक होणारा निव्हारॉक्स बनवला. न बदलणारा आणि न गंजणारा अशा अर्थाच्या जर्मन शब्दांतून हे नाव आले आहे. त्यानंतर साधे एकजीव चाक आणि निव्हारॉक्सची स्प्रिंग एवढ्यावरच तापमानाचा प्रश्न बहुतांशी मिटला आणि कापलेल्या कडेची ती देखणी चाके इतिहासजमा झाली. (श्ट्राउमान याच्या नावाची संस्था पुढे दंतरोपणाच्या क्षेत्रात जगभर पोचली, दंतवैद्यांना हे नाव घड्याळजींपेक्षा अधिक ओळखीचे असेल.)

आता माझ्या स्पीकरचा आणि या धातूंचा संबंध सांगतो, कारण वर्षभराच्या वाचनात मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट हीच आहे. लोखंड-निकेलच्या या मिश्रणांत तापमान वाढल्यावर लवचिकता घटायला हवी, ती घटत नाही. कारण त्याच वेळी त्यांचे चुंबकत्व क्षीण होत जाते आणि त्यातून उलट दिशेचा परिणाम निर्माण होऊन दोन्ही एकमेकांना सावरतात. म्हणजे उष्णतेपासून संरक्षण देणारा गुण चुंबकीय स्वभावातूनच आलेला आहे. साहजिकच ती स्प्रिंग चुंबकाला पूर्णपणे उदासीन असू शकत नाही. गियोमच्या धातूने तापमानाचे दार लावले, पण ते चुंबकत्वाच्याच खिळ्यांवर टांगलेले होते. शंभर वर्षांपूर्वी याने फारसे अडत नव्हते. आज स्पीकर, फोनचे आवरण, पर्सचे बटण, टॅबलेटची चावीपाटी, सगळीकडे जोरदार चुंबके आहेत आणि घड्याळजींकडे येणाऱ्या तक्रारींत ही तक्रार नेहमीची झाली आहे.

यातून सुटायचे तर चुंबकत्वाशी संबंध नसलेला पदार्थ हवा. रोलेक्सने २००० साली नायोबियम आणि झिर्कोनियम यांच्या मिश्रधातूची स्प्रिंग आणली. मात्र सर्वांत मोठी झेप धातू सोडून देण्यात होती, आणि तिची गोष्ट सांगण्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांकडे वळावे लागते.

न्यूशातेल येथे १९६२ साली स्विस घड्याळ उद्योगाने एकत्र येऊन सीईएच हे इलेक्ट्रॉनिक घड्याळांचे संशोधन केंद्र उभारले. १९६७ साली तेथे क्वार्ट्झ मनगटी घड्याळाची पहिली प्रतिरूपे तयार झाली आणि न्यूशातेल वेधशाळेच्या स्पर्धेत त्यांनी वरच्या जागा पटकावल्या. बाजारात मात्र २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानची सेको कंपनी आधी उतरली आणि पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील नोकऱ्या सुमारे ९०,००० वरून तीस-पस्तीस हजारांवर आल्या. जुरा पर्वतातल्या गावांनी काय सोसले असेल याची कल्पना ज्यांनी मुंबईच्या गिरण्या बंद होताना पाहिल्या त्यांना सहज येईल. १९८३ साली आलेल्या, ५१ भागांच्या प्लास्टिकच्या स्वॉचने उद्योग सावरला, हे बहुतेकांना माहीत आहे. त्यावर मी येथे अधिक लिहीत नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते हे की ते संशोधन केंद्र बंद पडून विरून गेले नाही. १९८४ साली ते इतर संस्थांबरोबर सीएसईएम या नव्या संस्थेत सामील झाले आणि सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीसाठी सिलिकॉनवर काम करण्याचे जे कौशल्य न्यूशातेलमध्ये साठले होते, त्यातूनच नव्या शतकात यांत्रिक घड्याळाला सिलिकॉनची स्प्रिंग मिळाली. २००१ साली युलिस नार्दां या स्विस कंपनीने लुडविग ऑक्सलिन यांच्या ‘फ्रीक’ या घड्याळात एस्केपमेंटची, म्हणजे बॅलन्सला ठरावीक वेळाने ढकलणाऱ्या यंत्रणेची, चाके सिलिकॉनची केली होती. त्यानंतर पाटेक फिलिप, रोलेक्स आणि स्वॉच समूह या एरवीच्या प्रतिस्पर्ध्यांनी सीएसईएमबरोबर एकत्र काम केले आणि २००६ साली पाटेक फिलिपने सिलिकॉनची हेअरस्प्रिंग जाहीर केली.

ही स्प्रिंग खेचत नाहीत, लाटत नाहीत, गुंडाळत नाहीत. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाशाने आकृती उमटवतात आणि संगणकाच्या चिपसारखी ती वायूच्या प्लाझ्माने सरळ खाली कोरून काढतात. एका चकतीतून शेकडो स्प्रिंगा निघतात आणि वेटोळ्यांची जाडी हवी तेथे कमीजास्त ठेवता येते, जे लाटलेल्या पट्टीत शक्यच नव्हते. सिलिकॉन चुंबकाला दाद देत नाही आणि वजनाला पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका असतो. मात्र तापला की त्याचीही लवचिकता घटते. त्यावरचा उपाय वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. भट्टीत सुमारे १,००० अंशांवर ऑक्सिजन देऊन स्प्रिंगेवर काही मायक्रॉनांचा ऑक्साइडचा थर चढवतात. हा थर म्हणजे काचेसारखी सिलिका, आणि तिची लवचिकता तापमानाबरोबर उलट वाढते. गाभा मऊ होतो, साल ताठ होते, आणि थराची जाडी बरोबर ठेवली की दोन्हींची बेरीज स्थिर राहते. आम्ही भट्टीत पोलादावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्याला आयुष्यभर शत्रू मानले. येथे त्यालाच कामाला लावले आहे.

परिणाम मोजता येण्यासारखे आहेत. १९७३ साली स्थापन झालेली सीओएससी ही स्विस चाचणी संस्था क्रोनोमीटरचे, म्हणजे अतिशय अचूक घड्याळाचे, प्रमाणपत्र देण्यापूर्वी यंत्र पंधरा दिवस, पाच स्थितींत, ८, २३ आणि ३८ अंश तापमानांत तपासते आणि दैनिक सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत हवी असते. चार सेकंद म्हणजे दिवसाचा २१,६०० वा भाग. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर मोजताना सात मीटरची चूक. चुंबकत्वाच्या बाबतीत सर्वसाधारण चुंबकरोधक घड्याळाचे प्रमाण सुमारे ६० गाऊसचे आहे (गाऊस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक). २०१५ पासून ओमेगाची घड्याळे स्विस मापनसंस्था मेटासच्या ज्या चाचणीला बसतात, तीत ती १५,००० गाऊसमध्ये ठेवून तपासली जातात आणि दिवसाला शून्य ते अधिक ५ सेकंदांत चालावी लागतात. टिसोच्या मध्यम किमतीच्या काही घड्याळांतही आता सिलिकॉनची स्प्रिंग येते, याचे मला विशेष समाधान आहे. गियोमच्या शोधाची सुरुवातही महाग धातूला स्वस्त पर्याय शोधण्यातूनच झाली होती.

एक चिंता मात्र मनात आहे. सिलिकॉन वाकत नाही, तुटतो. निव्हारॉक्सची वाकडी झालेली स्प्रिंग आमचे घड्याळजी दोन चिमट्यांनी वेटोळ्यागणिक सरळ करतात. मी ते त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून तासभर पाहिले आहे. सिलिकॉनची स्प्रिंग तुटली तर तीच, त्याच आकृतीची, कारखान्यातूनच यावी लागेल. घड्याळ तीन पिढ्या चालते, पण ती कोरण्याची आकृती आणि सोय साठ वर्षांनी कोणी सांभाळून ठेवलेली असेल का, याची हमी ग्राहकाला लेखी मिळायला हवी असे मला वाटते. मी घड्याळजींना हे विचारले, तेव्हा त्यांनी भिंग न काढताच मान हलवली आणि चिमट्यातली स्प्रिंग जागेवर बसवली.

वडिलांचे घड्याळ आता पलंगाशेजारच्या लाकडी फळीवर असते. त्या दुरुस्तीत घड्याळजींनी तेलपाणी करून वेगही जुळवून दिला. मी रोज रात्री दहाच्या ठोक्याला त्याची नोंद वहीत करतो. काल ते सात सेकंद पुढे होते.