साडेचार मिनिटांचं बूटिंग: जुन्या पीसीवर काय केलं आणि कोणत्या क्रमाने

मशीन मुंबईत घराघरांत दिसतं तसलं असेंबल्ड: इंटेल कोअर आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ७२०० आरपीएमची ५०० जीबी हार्डडिस्क आणि विंडोज १०. प्रोसेसर २०११ सालचा, पण बिलं भरणं, सोसायटीचे हिशेब, मराठी टायपिंग, व्हिडिओ बघणं एवढ्याला आजही पुरतो. अडचण फक्त सुरुवातीची. बटण दाबल्यापासून ब्राउझर नीट हातात येईपर्यंत साडेचार मिनिटं.

पेचकस हातात घेण्याआधी मोजणी केली. ‘स्लो आहे’ या एका तक्रारीत तीन वेगवेगळे टप्पे असतात: बटण ते विंडोजचा लोगो, लोगो ते डेस्कटॉप, आणि डेस्कटॉप दिसल्यापासून क्लिकला दाद मिळेपर्यंत. तिन्हींची कारणं वेगळी, इलाज वेगळे. पहिला टप्पा बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा. तो मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजायचा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो खरा, पण जुन्या लेगसी पद्धतीने विंडोज टाकलेल्या मशीनवर ती ओळच येत नाही. बाकीचे दोन टप्पे विंडोज स्वतःच लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, डावीकडे ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जा. १०० क्रमांकाची नोंद उघडून डिटेल्स टॅब पाहा. ‘मेनपाथबूटटाइम’ म्हणजे डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ, ‘बूटपोस्टबूटटाइम’ म्हणजे त्यानंतर मशीन शांत होईपर्यंतचा. आकडे मिलिसेकंदांत असतात, हजाराने भागा.

मोजताना एक पथ्य. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन करून पुन्हा चालू करणं हे पूर्ण बूटिंग नसतं, गाभ्याचा भाग आधीच डिस्कवर साठवलेल्या हायबरनेशन फाइलमधून उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं. म्हणून मोजणी रीस्टार्टवर करायची, आणि अपडेट बसल्यानंतरचं पहिलं बूटिंग धरायचं नाही.

या मशीनचे आकडे असे निघाले: बायोस ४० सेकंद, डेस्कटॉपपर्यंत ८५, त्यानंतर १४५. बहुतेक लोक फक्त मधल्या टप्प्याबद्दल बोलतात, पण इथे निम्म्याहून जास्त वेळ डेस्कटॉप दिसल्यानंतर जात होता.

बायोसचे ४० सेकंद सगळ्यात स्वस्तात कमी झाले. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो; मल्टिमीटरवर २.७ च्या खाली दिसला की बदलायचा. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) वीज असेपर्यंत बोर्डाचं घड्याळ स्टँडबायवर चालतं, भिंतीवरचं बटण बंद झालं की सगळा भार त्या सेलवर येतो. त्यामुळे आपल्या घरात तो लवकर उतरतो. मग तारीख मागे जाते, वेबसाइटी सर्टिफिकेटची तक्रार करतात, आणि दर वेळी एफ१ दाबायला लावून बायोस मूळ सेटिंगवर येतं. सेल किरकोळ किमतीचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

सेल बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन नेटवर्कवरून बूट करायचा पर्याय आणि फ्लॉपी दोन्ही बंद केले, क्विक बूट चालू केलं, पहिलं बूट डिव्हाइस हार्डडिस्क ठेवलं. डीव्हीडी ड्राइव्ह आधीच मेलेला होता. असा ड्राइव्ह प्रत्येक सुरुवातीला बायोसला उत्तर द्यायला उशीर लावतो, म्हणून त्याची डाटा आणि पॉवर अशा दोन्ही केबल काढून टाकल्या. यूएसबीला कायम लटकलेला कार्ड रीडर आणि बाहेरची हार्डडिस्कही याच कारणासाठी सुरुवातीला काढून ठेवावी. एवढ्यावर ४० चे १२ सेकंद झाले.

इथे एका सेटिंगला जपून हात लावायचा: साटा मोड, म्हणजे बोर्ड साटा केबलवरच्या डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते. आयडीई ही जुनी पद्धत, एएचसीआय नवी. मूळ सेटिंगवर आल्यावर काही बोर्डांत तो आयडीई होतो. विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेलं असेल तर मग निळा पडदा येतो, आणि लोक ‘विंडोज उडालं’ म्हणून फॉरमॅट मारून मोकळे होतात. खरं तर मोड पूर्ववत केला की काम होतं. उलट, विंडोज आयडीईत टाकलेलं असून ते एएचसीआयवर न्यायचं असेल तर आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या म्हणजे ड्रायव्हर बसतो, मग खूण काढून नेहमीसारखं सुरू करा.

पुढची पायरी हार्डडिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळींचे रॉ आकडे बघायचे; या ओळी डिस्कवरचे खराब सेक्टर (डाटा ठेवायचे छोटे कप्पे) मोजतात. ते हेक्साडेसिमलमध्ये असतात, पण शून्य आहे की नाही एवढंच पाहायचं असतं. सी५ म्हणजे वाचता न येऊन ताटकळत पडलेले सेक्टर. या डिस्कवर तो शून्य नव्हता. असा सेक्टर समोर आला की डिस्क तोच तोच भाग पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते आणि तोवर सगळं विंडोज तिच्या तोंडाकडे बघत थांबतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रत्यक्षात वाचनाचा वेग जवळजवळ शून्य, हे चित्र दिसलं तर हेच समजायचं. सी७, म्हणजे केबलवरून डाटा जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. केबल बदलल्यावर जुना आकडा पुसला जात नाही, पुढे वाढतोय का तेवढं बघायचं. पावसाळ्यात, विशेषतः समुद्राजवळच्या घरांत, केबलचे आणि रॅमचे संपर्क काळवंडतात. केबल काढून पुन्हा घट्ट बसवणं आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने पुसणं या दोन गोष्टी करून टाकाव्यात.

सी५ शून्य नसताना डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) किंवा पूर्ण चेकडिस्क (सगळ्या डिस्कची तपासणी) चालवणं मला धोक्याचं वाटतं. मरायला टेकलेल्या डिस्ककडून तासन्‌तास मेहनत करून घेण्यात अर्थ नाही. आधी डाटा बाहेर काढायचा. तो काढताना मराठी घरांत हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पत्रं, पत्रिका, संस्थेची इतिवृत्तं असतील तर ते फॉन्टही कॉपी करून ठेवा, नाहीतर नव्या विंडोजवर फाइल उघडते आणि अक्षरं भलतीच दिसतात. टॅली असेल तर फॉरमॅटआधी लायसन्स सरेंडर करा. ब्राउझरमधले पासवर्ड आणि आउटलुकची फाइलही आठवणीने.

डाटा सुरक्षित झाल्यावर स्टार्टअपमधली गर्दी पाहिली. टास्क मॅनेजर ‘हाय इम्पॅक्ट’ म्हणतो तेव्हा त्या प्रोग्रामने सुरुवातीला एक सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसर वेळ किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्क वापरलेली असते. मीटिंगची ॲप, प्रिंटरचा शाईदर्शक, कधीकाळच्या इंटरनेट डोंगलचं सॉफ्टवेअर, तीन-चार अपडेटर, सगळी बंद केली. प्रिंटर त्याविनाही छापतो. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर लागेल तेव्हा हाताने चालू करता येतं. मुदत संपलेला अँटिव्हायरस नुसता बंद करून भागत नाही, तो काढावा लागतो, आणि कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल असेल तर त्यानेच. टास्क मॅनेजरमध्ये न दिसणारं बरंच काही शेड्यूल्ड टास्क आणि सर्व्हिसमध्ये दडलेलं असतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स वापरायचं, त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या आणि उरलेल्यांतल्या अनोळखी नोंदी डिलीट न करता फक्त खूण काढून ठेवायच्या.

याने शेवटचा टप्पा १४५ वरून ९० सेकंदांवर आला. मधला जेमतेम पाच सेकंदांनी हलला. सॉफ्टवेअरच्या बाजूने याच्यापुढे फार काही मिळत नाही. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणाऱ्या क्लीनरने बूटिंग सुधारत नाही. प्रीफेच फोल्डर साफ करा हा सल्ला तर उलटाच आहे, कारण विंडोज त्याच नोंदींवरून पुढचं वाचन आखतं. एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या जास्तीत जास्त निवडणं हाही नुसता समज. ती मर्यादा घालायची जागा आहे, वेग वाढवायची नव्हे.

उरलेलं दुखणं हार्डडिस्कच्या बनावटीतच आहे. ७२०० आरपीएमला एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, वर ते डोकं धरणारा हात हलायला आणखी ८-९. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना सेकंदाला ७०-८० वाचनं होतात, आणि बूटिंग म्हणजे अशी हजारो वाचनं. एसएसडी म्हणजे हलते भाग नसलेली, चिपवर डाटा ठेवणारी डिस्क; तिला एका वाचनाला साधारण मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. एच६१ बोर्डावर साटाचा वेग सेकंदाला ३ गिगाबिट एवढाच, त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावरचे सेकंदाला ५०० एमबी मिळणार नाहीत, साधारण अर्धे मिळतील. बूटिंगला त्याने काही बिघडत नाही, म्हणून महागडं मॉडेल घेण्यात पैसे घालवू नयेत. अडीच इंची साटा २४० किंवा २५६ जीबी पुष्कळ. एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी एसएसडी, घेऊ नका. या बोर्डावर तिची जागाच नाही.

खरेदीला लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर सीरियल नंबर असल्याशिवाय घेऊ नये, वॉरंटीला तेच लागतं. घरी आल्यावर पहिल्यांदा जोडली की लगेच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ आणि एकूण लिहिलेला डाटा बघा. नव्या म्हणून दिलेल्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर ती आधी वापरलेली आहे. ब्रँडचं नाव अनोळखी असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण क्षमता लिहून-वाचून तपासा.

जोडणीत एसएमपीएसकडे लक्ष द्यायचं. साटाचा पॉवर पिन मोकळा नसेल तर लोक मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या पॉवर जोडणीतून कन्व्हर्टर लावतात. त्यातले प्लॅस्टिक ओतून बनवलेले आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला कन्व्हर्टर घ्या. इथे डीव्हीडी ड्राइव्हचा पिन मोकळाच होता. एसएसडीत हलणारं काही नसल्याने ती दोन एम३ स्क्रूंवर किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवरही राहते.

डिस्क निरोगी असती तर क्लोनझिला या सॉफ्टवेअरने क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, केलं असतं. तिथे अट अशी की नवी डिस्क लहान असेल तर आधी जुनं पार्टिशन आकसावं लागतं, आणि क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवायची. पण खराब सेक्टर असलेल्या डिस्कचं क्लोन म्हणजे तुटक्या फाइली आणि जुना कचरा नव्या घरात नेणं. म्हणून नवं इन्स्टॉल. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढलेलीच हवी, नाहीतर विंडोज एसएसडीवर जातं आणि त्याच्या बूट फाइली जुन्या डिस्कवर बसतात. पुढे ती डिस्क काढली की मशीन उठतच नाही. विंडोजने प्रॉडक्ट की विचारल्यावर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून आधी होती तीच आवृत्ती घेतली. डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, नेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं.

रॅमची दुसरी ४ जीबीची पट्टी त्याच वेळी घातली. एच६१ वर दोनच खाचा असतात. डीडीआर३ घेताना ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्या टाळा, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. रॅममुळे डेस्कटॉप काही लवकर येत नाही; फरक पडतो तो नंतर, ब्राउझर उघडताना रॅम अपुरी पडून डिस्कवर होणारी अदलाबदल थांबल्यामुळे.

शेवटचे आकडे: बायोस १२, डेस्कटॉपपर्यंत १६, त्यानंतर १४ सेकंद. फास्ट स्टार्टअप मी बंद ठेवलं. एसएसडीवर त्याने फारसं वाचत नाही, आणि स्क्रीन काळी झाली की लगेच भिंतीवरचं बटण दाबणाऱ्या घरात हायबरनेशन फाइल अर्धी लिहिलेली राहते; मग पुढची सुरुवात दुरुस्तीत जाऊ शकते. कॅबिनेटवरचा दिवा विझेपर्यंत थांबायला हवं.

विंडोज १० ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यात नाव घालून घ्यावं. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे हा प्रोसेसर बसत नाही. त्यानंतर याच एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकता येईल, पण टॅली किंवा सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी आधी आपली कामं त्यावर होतात का ते तपासावं.

जुनी हार्डडिस्क डी ड्राइव्ह म्हणून परत जोडली नाही. नुसती जोडलेली असली तरी सुरुवातीला विंडोज तिला चाचपतं आणि ती अडकली की सगळंच अडकतं. सी५ शून्य असलेली डिस्क मात्र खुशाल जोडा, फोटो आणि व्हिडिओ ठेवायला ती ठीक आहे.