ट्रेक आम्न्ये माछेनचा, दमछाक शिनिंगच्या काउंटरवर

चीनच्या छिंगहाय प्रांतातल्या आम्न्ये माछेन पर्वताची परिक्रमा करून आलो म्हटलं की लोक वाट, थंडी, याक असलं विचारतात. तिथलं सगळं स्थानिक कंपनीनं चोख पार पाडलं, त्यामुळे सांगण्यासारखं थोडंच आहे. शिनिंगमध्ये रात्रीची खोली मिळवताना मात्र जे झालं, ते आठवलं की अजून डोकं तापतं. म्हणून आधी तेच.

शिनिंग म्हणजे छिंगहाय प्रांताची राजधानी, उंची सुमारे 2,275 मीटर. नुसतं गाडीतून उतरलात तरी कळसूबाईपेक्षा सहाशे मीटर वर. पुढे परिक्रमेची वाट साडेचार हजारांच्याही वर जाते, तेव्हा अंग रुळायला इथे मुक्काम हवाच. तो टाळून थेट पुढे पळू नका, कितीही फिट असलात तरी.

जुन्या भागातलं एक लहानसं गेस्टहाउस ॲपवरून घेतलं होतं, पैसेही भरले होते. सोबत मावसभाऊ. आमच्यापुढच्या चिनी कुटुंबानं ओळखपत्रं यंत्रावर टेकवली, टुक-टुक आवाज झाला, किल्ली मिळाली. आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट यंत्रावर उलटा ठेवला, सुलटा ठेवला, उघडून पालथा दाबला. यंत्र ढिम्म. मग भाषांतराच्या ॲपमध्ये काहीतरी बोलून तिनं फोन आमच्याकडे वळवला : परदेशी पाहुण्यांची सोय नाही.

नियम असा आहे की चीनमध्ये परदेशी माणसाच्या मुक्कामाची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलात उतरलात तर ती हॉटेलच करतं. कुणाच्या घरी राहिलात तर चोवीस तासांच्या आत आपण स्वतः चौकीत जायचं. लहान जागी परदेशी क्वचितच येतात, तो फॉर्म कुणी कधी भरलेला नसतो, आणि फॉर्म शिकण्यापेक्षा "नाही" म्हणणं सोपं पडतं. वास्तविक परदेशी आहे म्हणून पाहुण्याला परत पाठवू नका, असं सरकारनं 2024 मध्ये बजावलेलं आहे. पण रात्रीच्या वेळी गल्लीतल्या काउंटरवर सरकार थोडंच बसलेलं असतं?

"दादा, चल, दुसरीकडे बघू," भाऊ म्हणाला. बघितलं. पुढच्या गल्लीत अर्धं दार उघडून हातानंच नकार मिळाला. सॅका पाठीवर, चढाची गल्ली, पहिलाच दिवस. चार पावलांत धाप लागत होती. मी म्हटलं, पैसे जिथे भरलेत तिथेच जायचं आणि बसून राहायचं. बसलो. त्या सूचनेची चिनी बातमी फोनवर काढून मुलीसमोर धरली. तिनं ती नीट वाचली आणि मालकिणीला फोन लावला.

मालकीण आली. हुई, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुसलमान समाजातली, डोक्याला काळा रुमाल, आपल्या एखाद्या काकूसारखी ठाम. तिनं आधी झाकणाच्या पेल्यांत खडीसाखर, खारीक घातलेला चहा आमच्यापुढे ठेवला आणि मग चौकीला फोन लावून तो स्पीकरवर टाकला. पलीकडचा पोलीस एकेक रकाना सांगतोय, मुलगी भरतेय. आडनाव कुठलं, नाव कुठलं, वडिलांचं नाव कुठे घालायचं? व्हिसा शोधताना ती प्रत्येक वेळी माझ्या जुन्या, संपलेल्या व्हिसावरच थांबायची. प्रवेशाचा शिक्का इतका पुसट की तारीख दिव्याखाली धरून वाचावी लागली. प्रत्येक रकान्याला मालकीण पेल्यात गरम पाणी ओतत होती. शेवटी कॅमेऱ्यासमोर उभं करून फोटो काढले आणि मुलीनंच टाळी वाजवली. खोली अगदी साधी होती, पण हट्ट केला याचा मला अजून आनंद आहे.

तुम्ही जाणार असाल तर बुकिंगच्या आधीच ॲपवरून चिनीत विचारा, परदेशी पासपोर्टची नोंद करता का, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. फोटोचं पान, चालू व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का, तिन्हींचे स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये हवेत. व्हिसाच्या पानाला सरळ क्लिप लावा.

शहर म्हणाल तर झकास. हान, हुई, तिबेटी, सालार, ‘तू’ अशा सगळ्या समाजांचे लोक एकाच बसमध्ये. तोंगक्वान मशिदीचं आवार नमाजाच्या वेळा सोडून बघता येतं. जुन्या फोटोंतले हिरवे घुमट मात्र आता शोधू नका, ते काढलेत. कुम्बुम मठ शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाचा संस्थापक त्सोंगखापा, त्याचा जन्म 1357 सालचा, याच जागेचा. तिथली लोण्याची शिल्पं बघाच. शाकाहारींनी नूडल्सच्या वाफाळत्या वाडग्याला भुलू नये, रस्सा गोमांसाचा असतो. न्यांगपी, म्हणजे तिखट-व्हिनेगर घातलेल्या थंड गव्हाच्या पट्ट्या, आणि वर पिवळी साय धरलेलं दही यांवर आम्ही मजेत राहिलो.

अलीपे या चिनी पेमेंट ॲपला कार्ड भारतातूनच जोडून निघा आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा. ओटीपीसाठी आपलं सिम रोमिंगवर चालू हवं. रोमिंगच्या डेटावर आपलं व्हॉट्सॲपही चालतं, हॉटेलच्या वायफायवर नाही. स्टोव्हचा गॅस विमानात किंवा रेल्वेत नेता येत नाही. तो शिनिंगमध्ये घ्या आणि कंपनीच्या गाडीतून पाठवा.

शिनिंगहून थेट गोलोकला, म्हणजे आम्न्ये माछेन ज्या भागात आहे तिथे, 3,700 मीटरवर झोपायला जाऊ नका. मध्ये छिंगहाय सरोवराकाठी एक रात्र काढा, ते 3,200 च्या आसपास आहे. आमच्या ड्रायव्हरला तो वळसा फुकटचा वाटत होता, पण आमचं डोकं दुखलं नाही.

आणि हो, 1948 साली मिल्टन रेनॉल्ड्स नावाचा अमेरिकन बॉलपेनवाला, हे शिखर एव्हरेस्टपेक्षा उंच आहे का ते बघायला विमान घेऊन चीनमध्ये आला होता. भरलं 6,282 मीटर. सरोवराकाठच्या हॉटेलात नोंद करायला किती वेळ लागेल, याची आम्हाला धास्ती होती. तिथल्या पोरानं ती चहा यायच्या आत उरकली.