लाउंजमधले तीन तास आणि शेंगा चटणीचा डबा

काशीला जाऊन आलो. चार दिवस, भयंकर गर्दी, गंगा आरती नावेत बसून बघितली, बाबांचं मन भरलं, झालं. त्यावर सावकाश लिहीन म्हणतोय (म्हणजे बहुतेक लिहिणार नाही). आज लिहायचंय ते जाताना बेंगलोरच्या एअरपोर्टवर लाउंजमध्ये काढलेल्या तीन तासांबद्दल, ते काही डोक्यातून जाईनात.

आमचं असं ठरलं होतं की सांबऱ्याहून (म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावरनं) सकाळच्या पंख्याच्या छोट्या विमानानं बेंगलोर, तिथनं वाराणसी, मधे पाच तास. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, विमानात पहिल्यांदाच. त्यांच्यासाठी बेंगलोर म्हणजे राणी चन्नम्मा एक्सप्रेस, रात्री बेळगावला चढायचं, सकाळी उतरायचं, आणि सांबरा म्हणजे एअरफोर्सच्या पोरांचं ट्रेनिंग. धावपट्टी १९४२ ची, ब्रिटिशांनी महायुद्धात केलेली, तिथं आपण बॅग ओढत जायचं हेच त्यांना पटेना, २०१७ ला नवं टर्मिनल झालं तरी ते बघायला म्हणूनसुद्धा कधी गेले नव्हते. बॅगेच्या टॅगवर आयएक्सजी, म्हणजे बेळगावचा विमानतळ कोड, बघून म्हणाले, "हे बेळगाव कुठल्या भाषेत रे?" मला काय उत्तर देता आलं नाही. बेळगाव का बेळगावी यावर आमच्याकडं जन्म गेले, विमानवाल्यांनी तीन अक्षरात दोघांनाही गप्प बसवलंय.

बेंगलोरचं टर्मिनल दोन मात्र खरंच बघण्यासारखं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात उद्घाटन झालं, छताला सगळीकडं बांबूच्या पट्ट्या, वरनं झाडं लोंबतायत. आम्ही मूळचे जांबोटीकडचे, बांबूच्या रानातले, त्यामुळं बाबांनी दुकानं वगैरे काही बघितलं नाही, मान वर करून उभेच राहिले. "एवढं मेस खुटनं आणलं असतील रे?" (आमच्याकडं बांबूला मेस आणि कुठंला खुटं म्हणतात, हसू नका.) मग एका खांबापाशी जाऊन बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं आणि निकाल दिला, "हे कारखान्यात चिकटवलेलं हाय." नंतर मोबाईलवर बघितलं, बरोबर होतं त्यांचं.

आता लाउंज. माझ्या कार्डावर लाउंज फुकट आहे असं मी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दोन रुपये कापतात आणि आत सोडतात, मागं एकदा असाच गेलो होतो. पण आता तीन महिन्यात अमुक इतका खर्च केला असला तरच, असं काहीतरी झालंय आणि माझा तेवढा झाला नव्हता. काउंटरवरच्या पोरीनं कार्ड हसतमुखानं परत दिलं. मागं लाईन, शेजारी बाबा, त्यांना मी बेळगावपासून सांगत आलेला की तिथं मस्त सोफा आहे, पाय पसरून बसा. मग काय, दोघांचे भरले. तीन हजाराच्या वर गेले. कुठलं लाउंज ते लिहीत नाही, तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता, दोष कुणाचा ते पुढं येतंयच. पावतीवर आत शिरल्याची वेळ छापलेली, ११:४२, म्हणजे २:४२ ला बाहेर. बाबांनी पावती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, एवढ्यात आपण दोघं स्लीपरनं बेंगलोरला येऊन परत गेलो असतो, वर जेवलो असतो.

आत थंडगार, सोफे छान, बाथरूम तर आमच्या हॉलपेक्षा स्वच्छ. वायफाय पळतंय. इडली, बिसीबेळे भात, पनीर, पास्ता, दहीभात, केक, सगळं मांडलेलं. इडली बरी होती, बिसीबेळे भात चांगला होता, पास्त्याबद्दल न बोललेलं बरं. दहीभात फ्रीजमधनं थेट आलेला, बाबांनी एक घास खाल्ला आणि दात धरून बसले. मी मात्र वसुलीला लागलो. खरं सांगतो, भूक नव्हती, तरी तीन वेळा ताट भरून आणलं, कॉफी दोनदा, वर मनात हिशोब चालू, की आता साधारण सहाशेचं झालं, आता आठशेचं झालं. पैसे भरून गेलं की माणूस आराम करत नाही हो, नुसता फिटवत बसतो. आणि तिथली शांतता! कुणी कुणाशी बोलत नाही, विमानाची अनाउन्समेंटसुद्धा नाही, तुमचं तुम्ही पडद्यावर बघायचं. बाबांनी शेजारच्या सुटातल्या माणसाला "खुटं चाललाय?" म्हणून विचारलं तर त्यानं कानातलं एक बटण काढलं, काय म्हणून बघितलं आणि परत घातलं.

मग ते झालं. बाबांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतनं स्टीलचा डबा काढला, मांडीवर पंचा पसरला आणि झाकण उघडलं. आईनं पहाटे चारला उठून केलेल्या चपात्या, घडी घालून तेल लावलेल्या, आणि शेंगा चटणी. लसणाचा वास असा उठला की दोन सोफे पलीकडच्या बाईनं मान वळवली. आणि मी दात ओठ खात, हळू आवाजात, पण बाबांना नीट लागेल असं बोललो, "बाबा, आत ठेवा ते. इथं असलं चालत नाही."

तसा कुठं बोर्ड नव्हता, मला कुणी सांगितलंही नव्हतं.

बाबा काही बोलले नाहीत. हातातला तोडलेला तुकडा परत चपातीवर ठेवला, झाकण लावलं, पंच्याची घडी केली. झाकण एका बाजूनं बसत नव्हतं, ते दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहिले. मी मोबाईलमध्ये तोंड घालून बसलो.

थोड्या वेळानं ताटं उचलणारा पोरगा आला, विशीतला असेल. माझी अर्धी टाकलेली प्लेट उचलता उचलता थांबला, वास घेतला आणि बाबांकडं बघून विचारलं, "शेंगा हिंडी एन री?" (शेंगा चटणी काय हो?) बाबांचा चेहरा असा उजळला म्हणता! ते "हिंडी" आणि तो "री"चा हेल आपल्या हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्यातला. "हौद री, मनियिंद तंदीनि," (हो, घरनं आणलीय) बाबा म्हणाले. पोरगा सौंदत्तीकडचा निघाला. मग ऊस किती, पाऊस किती, यल्लम्माच्या जत्रेला रजा मिळते काय, सगळं झालं, मोठ्या आवाजात, त्या शांत लाउंजमध्ये. डबा पुन्हा उघडला. तो ड्यूटीवर होता म्हणून तिथं खाता येईना, तर बाबांनी टिश्यू पेपरात दोन चपात्या आणि चटणी बांधून दिली, त्यानं इकडं तिकडं बघितलं, एप्रनच्या खिशात घातली आणि बाबांना म्हणाला, तुम्ही तिन्री की (खावा की), कोण काय म्हणतंय.

बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि डबा बंद केला.

२:३५ ला मीच उठलो. बाहेर येऊन बघतो तर विमान दीड तास लेट. गेटपाशी गर्दी, खुर्च्या भरलेल्या, एक कुटुंब खाली चादर घालून पत्ते खेळत होतं, पोरं रडत होती, लोक जोरजोरात फोनवर बोलत होते. तीन हजाराच्या सोफ्यावरनं उठून आम्ही लोखंडी खुर्च्या शोधत फिरलो आणि वीस मिनिटांनी दोन मिळाल्या. पाच वाजत आले तसं माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, एवढं फिटवून खाल्लेलं गेलं कुठं देव जाणे. सांगायची हिंमत होईना, तरी पिशवीकडं दोन-तीनदा बघितलं असेन.

बाबांनी डबा काढला, मांडीवर ठेवला. झाकणावर हात तसाच ठेवून आधी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग मला हळूच विचारलं,

"इथं चालतंय काय रे?"