रॅली मध्यावर असते: ८८० किलोमीटर जाणं आणि तेवढंच परत येणं

मोटारसायकल क्लबची रॅली, म्हणजे मैदानावर तंबू ठोकून भरणारा मेळावा, ८८० किलोमीटरवर असेल तर मी गाडी १,८०० किलोमीटरसाठी तयार करते. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण बहुतेकांची तयारी पोचण्यापुरतीच असते. तिथे दोन रात्री कमी झोप होते, गाडी दव-धुळीत उभी राहते, आणि रविवारी सकाळी सैल चेन, अर्धवट झिजलेला टायर आणि जड डोळे घेऊन तेवढाच रस्ता पुन्हा कापायचा असतो. म्हणून प्रत्येक गोष्ट मी परतीच्या बाजूने मोजते.

टायरपासून सुरुवात. खाचेची खोली मी मापाने बघते, नजरेने नाही. माझ्या गाडीचा मागचा टायर सामानासकट साधारण १,८०० किलोमीटरमागे एक मिलिमीटर झिजतो. निघताना मधल्या पट्ट्यात तीन मिलिमीटर असेल तर घरी पोचताना दोन उरतात, आणि ओल्या रस्त्यावर मला त्याहून कमी नको असतात. सरळ हायवेवर टायर मधोमध सपाट होतो, कडेला मात्र खाच भरपूर दिसते. त्यामुळे कडेला बोट लावून ‘अजून चांगला आहे’ म्हणणं ही नेहमीची फसगत. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची, आणि सामान असेल तर मॅन्युअलमध्ये दोघांसाठी जो आकडा दिला आहे तो धरायचा. तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये. थंड झाल्यावर तो टायर कमी हवेवर येतो, जास्त लवतो आणि आणखी तापतो.

ऑइल, ब्रेक पॅड, चेन, केबल असं कुठलंही काम निघायच्या आदल्या दिवशी करायचं नाही. मी ते दहा दिवस आधी उरकते आणि त्यानंतर दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवते. ड्रेन बोल्टचा वॉशर नीट बसला नसेल, नवीन पॅड घासत असेल, चाक काढताना ॲक्सलचा नट कमी आवळला गेला असेल, तर ते या दोनशे किलोमीटरमध्ये कळतं. मधल्या स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवायचं. सरळ रेषेत आल्यावर ते खाचेत अडकल्यासारखं थबकलं तर बॉल रेसर, म्हणजे हँडलच्या मुळातलं बेअरिंग, गेला. गावात तो जाणवत नाही. भरलेल्या गाडीवर ऐंशी-नव्वदच्या वेगात मात्र गाडी रस्त्यावर हलकी डुलत राहते आणि दोष टायरवर जातो.

क्लच केबलवर मी जरा जास्तच वेळ घालवते. रस्त्यात तुटणाऱ्या वस्तूंमध्ये ती वरच्या नंबरला आहे आणि तुटण्याआधी ती कित्येक दिवस सांगत असते. लिव्हरच्या टोकाला केबलचा जो गोल निपल बसतो, तो लिव्हर दाबताना आपल्या खाचेत फिरायला हवा. तिथलं ग्रीस वाळलं की निपल फिरत नाही आणि तारा दर वेळी एकाच जागी वाकतात. मग एकेक तार तुटते. उरलेल्या तारा ताणल्या जातात, लिव्हरचा मोकळा खेळ वाढतो, आपण ॲडजस्टर फिरवतो आणि विसरतो. आठवड्यात दोनदा ॲडजस्टर फिरवावा लागला तर केबल सोडवून निपलच्या मागे टॉर्च मारून बघावं. बाहेर आलेली एक तार दिसली तरी केबल बदलायची. नवीन केबल बसवताना मी दुसरी एक जुनीच्या मार्गाने टाकीखालून तिला लागूनच टाकून ठेवते, दोन्ही टोकं टेपने बंद करून. ऐन वेळी टाकी काढावी लागत नाही. फक्त दोन टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम.

चेनचा ढिलेपणा एकाच ठिकाणी मोजून चालत नाही. चाक फिरवत चार-पाच जागी मोजायचा आणि सर्वांत ताणलेल्या जागेवर मॅन्युअलचं माप ठेवायचं. अनेक गाड्यांना ते २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास असतं. सामान चढलं की गाडीची मागची बाजू खाली बसते आणि चेन आणखी ताणली जाते. त्यामुळे लांबच्या प्रवासाआधी ‘जरा टाइट करून घेऊ’ हे उलट काम आहे. ताणलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटमागच्या बेअरिंगला खाते. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागून चेन बोटाने ओढून बघावी. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायची. ल्यूब, म्हणजे चेनचं वंगण, दर पाचशे किलोमीटरला, पावसात चालवली तर त्याच संध्याकाळी. गाडी थांबल्यावर चेन गरम असतानाच, इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने मारायचं. ल्यूबला रात्रभर बसू दिलं की सकाळी रिमवर शिंतोडे उडत नाहीत.

सामानाचं वजन खाली आणि सीटच्या जवळ हवं. तंबूचे दांडे, हत्यारं, पाणी असं जड ते साइड बॅगांच्या तळाशी. झोपायची बॅग वजनाने हलकी, म्हणून ती मागच्या कॅरियरवर. तिथे जड वस्तू ठेवली की पुढचं चाक हलकं होतं, वाऱ्यात हँडल भिरभिरतं आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, एक-दोन खाचा वाढवते आणि मग हेडलाइट तपासते. सामान नसताना गाडी भिंतीपासून पाच मीटरवर सरळ उभी करून, स्वतः बसून, प्रकाशाची वरची कड जिथे पडते तिथे टेप चिकटवायची. सामान लादून त्याच जागी पुन्हा बसायचं. कड टेपच्या वर गेली असेल तेवढी खाली आणायची. हे केलं नाही तर समोरच्याच्या डोळ्यात प्रकाश जातो आणि आपल्या पुढचा रस्ता काळा राहतो. लवचिक हुकांच्या दोऱ्यांऐवजी मी बकल असलेले पट्टे वापरते. हुक सुटला तर दोरी थेट मागच्या चाकात जाते. पट्ट्याचं लोंबतं टोक गाठ मारून आत खोचायचं आणि पहिल्या २० किलोमीटरनंतर थांबून सगळं पुन्हा आवळायचं, कारण तेवढ्यात कपड्यांची बॅग दबलेली असते. सायलेन्सर आणि बॅग यांच्यामध्ये पाच बोटं जागा हवी, गाडी खड्ड्यात बसल्यावरही.

हत्यारांत मी फक्त माझ्या गाडीला लागणारे पाने घेते. घरी एकदा फक्त त्या पिशवीतल्या पान्यांनी मागचं चाक काढून परत बसवून बघितलं की काय कमी आहे ते कळतं. ॲक्सलचा मोठा पाना नसणं हे बऱ्याच पिशव्यांचं सामायिक दुखणं आहे. सोबत फ्यूज, एक प्लग, तार, टेप, चेनची जोड कडी आणि ब्रेक-क्लचचे एकेक लिव्हर. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरचा किट. खिळा दिसला की लगेच उपटायचा नाही. आधी किट उघडून भोकात भरायचा चिकट रबरी दोरा सुईत ओवायचा, सोल्यूशन लावायचं, मगच खिळा काढायचा, आणि तो ज्या तिरक्या कोनात आत गेला होता त्याच कोनात कानस चालवायची. सरळ घुसवली तर तारांमध्ये दुसरं भोक पडतं आणि दोरा कधीच घट्ट बसत नाही. दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर ठेवून दोरा सोडायचा, हवा भरायची, पाण्याचा थेंब टाकून बुडबुडा येतो का बघायचं. ही तात्पुरती डागडुजी आहे. मी त्यानंतर वेग कमी ठेवते आणि पहिल्या संधीला टायर उतरवून आतून पॅच लावून घेते. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर दोरा लावूच नये.

आता वेळ. मोठे-छोटे रस्ते आणि लहान थांबे धरून मी सरासरी ताशी ५५ किलोमीटर धरते, मीटरवर कितीही दिसत असलं तरी. ८८० किलोमीटरचे दोन दिवस ४८० आणि ४०० असे. दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवते, कारण तंबू उजेडात लावायचा असतो. ४८० ला पावणेनऊ तास, त्यात जेवणाचा एक, म्हणजे सकाळी सहाला निघालं तर चारच्या सुमारास मुक्कामी. वेळ वाया जातो तो थांब्यांमध्ये. दहा मिनिटांचे सहा बिनकामाचे थांबे म्हणजे ५५ किलोमीटरचा उजेड गेला. म्हणून पेट्रोल, पाणी, स्वच्छतागृह आणि गाडीभोवती एक फेरी, सगळं एकाच थांब्यात. माझ्या १३ लिटरच्या टाकीवर एरवी साडेचारशे किलोमीटर होतात. सामान आणि समोरचा वारा असला की लिटरला ३५ चे २८ होतात आणि तोच आकडा ३६० वर येतो. मी २२० ते २५० ला भरून घेते. शरीराला दर दोन तासांनी उतरावंच लागतं, त्यामुळे दर दुसऱ्या थांब्याला पेट्रोल हे गणित आपोआप जुळतं.

आयर्न बट असोसिएशन या संस्थेचा ‘सॅडलसोर १०००’ म्हणजे २४ तासांत १,००० मैल, साधारण १,६१० किलोमीटर. तो पुरा करणारे लोक वेग वाढवून नव्हे, थांबे आखून करतात. ती सवय घेण्यासारखी आहे, ते अंतर नाही. रॅलीला जाताना २४ तास सलग चालवण्याचं काहीही कारण नसतं.

हेल्मेटमध्ये ताशी शंभरच्या वेगाला वाऱ्याचा आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. शंभर डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं मानतात. फोमचे इअरप्लग घातले की कान तर वाचतातच, पण संध्याकाळी डोकंही शांत राहतं. तो फरक मला कुठल्याही महागड्या सीटपेक्षा मोठा वाटतो. प्लग घालताना दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढायची, म्हणजे तो पूर्ण आत जातो. शिवण बसण्याच्या जागेवर येणारे सुती आतले कपडे घामाने भिजून कातडी सोलतात. सपाट शिवणीचे, लवकर वाळणारे घालावेत.

थंडीत उघड्या कातडीला १० अंश तापमान ताशी १०० च्या वाऱ्यात ४ अंशांसारखं लागतं. बाहेरून वारा अडवणारा थर असेल तरच आतली लोकर कामाची. जर्मनीतला एलेफांटेनट्रेफेन हा मेळावा झुंडाप केएस ६०१ गाड्यांच्या मालकांनी १९५६ मध्ये सुरू केला आणि तो भर हिवाळ्यात भरतो. तिथे लोक बर्फात तंबू ठोकतात आणि हातांची काळजी आधी घेतात. बोटं बधिर झाली की क्लच-ब्रेकचा अंदाज पहिल्यांदा जातो. उलट चाळीस अंशांत जॅकेट उघडं टाकलं की गार वाटत नाही, भट्टीसमोर बसल्यासारखं होतं. जॅकेटची चेन बंद ठेवून आतला सदरा ओला करावा आणि तासाला निदान अर्धा लिटर पाणी प्यावं.

झोपेशी वाटाघाटी नाही. ताशी ८० ला तीन सेकंद डोळा लागला तर गाडी ६५ मीटरहून जास्त अंतर बिनमालकाची धावते. मागच्या पाच किलोमीटरमधलं काही आठवत नाही, आरसे बघायचं राहतंय, वेग नकळत कमी-जास्त होतोय, यांपैकी एक जरी जाणवलं तरी पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. आधी कॉफी घ्यायची, मग २० मिनिटं आडवं व्हायचं. कॉफी चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

गटाने जाताना पाच ते सात गाड्यांवर मी जात नाही. मोठा गट असेल तर दोन करायचे. सर्वांत नवीन चालक लीडच्या, म्हणजे सर्वांत पुढच्या गाडीच्या, लगेच मागे, अनुभवी माणूस स्वीपला, म्हणजे सर्वांत शेवटी. सरळ रस्त्यावर एकाआड एक डावी-उजवीकडे, समोरच्याच रेषेतल्या गाडीपासून दोन सेकंद. वळणांवर एका रांगेत आणि प्रत्येकाला स्वतःची रेषा मोकळी. वळणाच्या फाट्यावर दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीने थांबून रस्ता दाखवायचा आणि स्वीप आल्यावर निघायचं, म्हणजे पुढच्याला गाठण्यासाठी मागचा कुणी जीव खाऊन पळवत नाही. पेट्रोलचा थांबा सर्वांत लहान टाकी ठरवते.

मैदानावर पोचल्यावर आधी गाडी. ओल्या मातीत साइड स्टँड रात्रीत रुततो आणि सकाळी गाडी शेजारच्या गाडीवर कललेली सापडते. स्टँडखाली तळहाताएवढी फळी किंवा चपटा केलेला पत्र्याचा डबा ठेवावा. तोंड उताराच्या वरच्या बाजूला, गिअरमध्ये. तंबू उभ्या गाड्यांपासून आणि शेकोटीपासून लांब. त्याच संध्याकाळी चेनला ल्यूब, ब्रेक पॅड आणि टायरवर नजर, म्हणजे काही लागलंच तर दुरुस्तीला पूर्ण शनिवार हातात राहतो. रविवारी सकाळी कळलं तर तिथे कुणीच नसतं.

शनिवारी रात्री मी दहा-साडेदहाला तंबूत जाते. मद्य शरीरातून साधारण तासाला एक माप या वेगाने उतरतं. अंघोळीने किंवा कॉफीने तो वेग वाढत नाही. एकपर्यंत पिणाऱ्याच्या अंगात सातला ते शिल्लक असू शकतं. सामान शनिवारीच निम्मं बांधून ठेवते. ओला तंबू वेगळ्या पिशवीत बाहेरच्या बाजूला बांधायचा. निघताना पुन्हा तेच २० किलोमीटर आणि पट्टे आवळणं.

परतीचा मुक्काम मी निघण्याआधीच ठरवते आणि तो रॅलीपासून ३५० किलोमीटरच्या आत ठेवते. म्हणून जातानाचे दोन दिवस परतताना तीन होतात आणि सुट्टी सोमवारपर्यंत नाही, मंगळवारपर्यंत टाकावी लागते. घरी पोचल्यावर त्या रात्री गाडीला हात लावत नाही. दुसऱ्या सकाळी टायर थंड असताना हवा मोजते. एखाद्यात तीन-चार पाउंड कमी भरली तर खाचांमधून बोट फिरवत बारीक खिळा शोधते. निम्म्या वेळा तो सापडतो.