माडीचा कागद

गेल्या महिन्यात एका कागदाबद्दल मी फोनवर ‘भाडेपट्टा दिसतोय’ असं बोलून गेले. तेवढ्या दोन शब्दांवर एका कुटुंबानं वकील गाठला, नोटिशीचा मसुदा तयार झाला आणि माहीमच्या एका जुन्या वाडीतल्या जमिनीवर हक्क सांगायचं ठरलं. मी तेव्हा कागद हातात घेतलेला नव्हता, त्याचा फोटो पाहिला होता. हे मला अजून सोसत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी मोडी वाचते. बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, मोडीवाली बाई म्हणजे पेशव्यांची पत्रं वाचत बसत असेल. माझ्या टेबलावर येतात ती जन्ममृत्यूच्या रजिस्टरांची पानं, गहाणखतं, वाटण्या, सावकाराच्या पावत्या. १९१७ साली मुंबई सरकारनं कारभारातून मोडी काढून बाळबोध, म्हणजे देवनागरी, आणायचं ठरवलं, पण हिशेबवाल्यांचे हात पुढं कित्येक वर्षं मोडीतच चालले. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. दहा दिवसांचा वर्ग केलेली मुलंही आता शिक्के घेऊन बसली आहेत. त्यांना अक्षरं येतात. कागद येत नाही. अक्षर ओळखणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात. शब्द कुठं संपला ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्ह नाही. ‘ता।’ म्हणजे तारीख, तालुका किंवा तागायत, ते आजूबाजूच्या ओळींवरून ठरवायचं. ‘मौ।’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे. रकमेपुढे उभी रेघ एक असेल तर चार आणे, दोन असतील तर आठ. म्हणून कागद पूर्ण पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते.

फोटो पाठवणारा पंचेचाळिशीचा गृहस्थ, डोंबिवलीला राहणारा, नोकरदार, बोलायला अतिशय सभ्य. घरात तीन पिढ्या तो कागद फ्रेम करून लावलेला. नावच पडलं होतं ‘माडीचा कागद’. पणजोबांचं माहीमला माडीचं घर होतं, ते कुणीतरी बळकावलं, अशी घरातली गोष्ट. फोटोत वरचा छापील मथळा वाळवीनं खाल्लेला. खाली हातानं लिहिलेलं मोडी, आंग्लकाळातलं, घाईचं पण घटवलेल्या हाताचं. ‘माडी बा।’, म्हणजे माडीबाबत, एवढे शब्द स्वच्छ. मग पणजोबांचं नाव, ‘रा। माहीम’, सन १८८४. त्याखाली एकाखाली एक नंबर: ११२, ११३, ११७, ११८, १२३ असे चौदा. प्रत्येकापुढे एकच रक्कम, शेवटी दोन उभ्या रेघा. १२३ पुढे एक शेरा, त्याचं पहिलं अक्षर कसरीनं नेलेलं. उरलं होतं ते ‘कला’ आणि भोकाच्या कडेला उकाराचा शेपटा.

मी वाचलं ‘चुकला’. चौदा खोल्या, सारखं भाडं, एकाचं भाडं चुकलं. माडीची चाळ. सगळं इतकं जागच्या जागी बसलं की मला शंकाच आली नाही. फोनवर म्हटलं, भाडेपट्टा दिसतोय, मूळ कागद घेऊन या.

पंधरा दिवसांनी ते तिघं आले. तो, त्याचे वकील आणि त्याची आत्या, शहाऐंशी वर्षांची, नऊवारीतली, गुडघे धरून जिना चढलेली. तिला आणायची गरज नव्हती. ती हट्टानं आली, असं तो म्हणाला.

मी फ्रेम उघडायला सांगितली. वकिलांना ते पसंत नव्हतं. मागचे चुकेचे खिळे गंजलेले, एकेक चिमट्यानं उपसले. पुठ्ठा काढला. ओलीनं कागदाचा एक कोपरा काचेला चिकटला होता. तिथं मी पातळ हाडाची पट्टी सरकवत अर्धा तास घालवला. लॅमिनेट केलेला नव्हता म्हणून निदान एवढं तरी करता आलं. (कृपा करून जुने कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिक तापवून चिकटवलं की तो कागद परत कुणाच्याच हाताला लागत नाही. सेलोटेपही नको.) कागद सुटला तेव्हा दिसलं, की फ्रेममध्ये बसावा म्हणून कुणीतरी उजवी बाजू दोन बोटं मागं दुमडली होती. ती घडी उलगडली. आत शेऱ्यांचा आणखी एक रकाना होता, आणि पाठीवर सात ओळी.

घडीतल्या रकान्यात ११८ पुढे तोच शब्द पूर्ण होता. दिवा बाजूनं तिरपा धरला, भिंगाखाली पाहिला. पहिलं अक्षर स. ‘सुकला.’

खोली सुकत नाही.

मग मी पाठीवरच्या ओळी वाचायला घेतल्या. मोठ्यानं वाचते, तशी सवय आहे. नंबर घातलेल्या झाडांखेरीज दुसरे झाड छेदू नये. हा परवाना दुसऱ्यास देऊ नये. मागतील तेव्हा दाखवावा. मुदत १ आगष्ट ते आखेर जुलै. मी थांबले, कारण मला आता पुढं वाचायची गरज नव्हती. हा अबकारीचा परवाना होता. ते नंबर माडांचे होते.

आणि त्याच वेळी कोपऱ्यातून आत्या म्हणाली, “माडी म्हंजे घर नाय रे. प्यायची माडी.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग भाच्यानं विचारलं, “आत्या, तुला माहीत होतं? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुझ्या बापाला आवडायचं नाय,” ती म्हणाली. “त्याला सोयरीक करायची होती चांगल्या घरात.”

मग ती माझ्याशी बोलू लागली, त्यांच्याशी नाही. १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला तेव्हा ती दहा वर्षांची. त्याआधी तिनं वडिलांना माडावर चढताना पाहिलं होतं. खोडाला पाय ठेवायला खाचा, कमरेला सुरी, पाठीला भोपळ्याचं भांडं. पोय, म्हणजे माडाचा मिटलेला फुलोरा, फुटायच्या आधीच तिला गच्च बांधायची, हळूहळू ठोकायची, रोज थोडी ठोकायची, फुटू द्यायची नाही. मग टोक कापायचं आणि सकाळ-संध्याकाळ नवा पातळ काप घ्यायचा. काप जाड झाला तर पोय लवकर संपते. “ठोकल्याचा आवाज यायचा सकाळी. टक टक टक. एका आवाजावरनं समजायचं, कोण कुठल्या माडावर हाय ते.” तिनं बोटाच्या पेरानं माझ्या टेबलावर ठोकून दाखवलं. कायदा आल्यावर वडील गिरणीत लागले. तिथल्या आवाजानं त्यांचे कान गेले.

मी तिला परवान्याबद्दल सांगत होते, पण खरं तर मलाच ते नीट कळत होतं. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडं १६६८ साली आलं. त्याच्याही आधी, पोर्तुगीजांच्या काळापासून, माड छेदून माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांकडून कर घेतला जात होता. बंदर म्हटलं की खलाशी आले, शिपाई आले, त्यांना लागणारी दारू आली, आणि सरकारला तिथला पैसा दिसला. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं जे केलं ते वेगळं होतं. परवान्याशिवाय माडी काढायची नाही. माड तुझ्या स्वतःच्या परसातला असला तरी नाही. प्रत्येक झाडाला नंबर, प्रत्येक नंबराला कर, आणि परवानगी मुदतीपुरती. भंडारी बहुधा दुसऱ्याच्या वाडीतले माड छेदायचा, म्हणजे वाडीच्या मालकाला त्याचा मोबदला वेगळा आणि सरकारला झाडपट्टी वेगळी. बापजाद्यांपासून जे हातात होतं ते सरकारनं काढून घेतलं आणि एकेका वर्षाच्या तुकड्यानं त्यालाच परत विकलं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, तिजोरीला पैसा हवा होता. त्याच १८७८ साली व्यापारी आणि कारागिरांवर लायसन्स टॅक्स बसला तेव्हा सुरतेत दुकानं बंद झाली, दंगा झाला. सुरतही बंदरच. पुढं १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर कायदा आला. घरात फुलं ठेवणं हासुद्धा गुन्हा.

ज्या माडांवर वीज पडली, जे सुकले, त्यांचा कर कापून मिळावा म्हणून हे शेरे लिहिले असणार. म्हणजे तो माणूस कचेरीत जाऊन सांगून आला होता, की साहेब, ११८ सुकला. त्या कारकुनानं ते लिहून घेतलं. एका माडाचा कर त्याला परवडत नव्हता. माझ्यासमोरच्या कागदात त्याची जमीन कुठंच नव्हती, पण हा हेलपाटा होता. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली आणि घड्याळात पाहिलं. त्याचा राग मला समजतो. त्याला घर हवं होतं, मी त्याला चौदा माड दिले, तेही दुसऱ्याचे.

वकील मात्र शांत होते. त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमचं काम लिप्यंतराचं ना? भाषांतराचं नाही?”

मी हो म्हटलं.

“मग पुढच्या बाजूचं लिप्यंतर द्या. जे लिहिलंय ते. ‘माडी’ लिहिलंय तर ‘माडी’ लिहा. अर्थ लावणं तुमच्याकडं नाही.”

ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणूनच ते मला इतकं लागलं. हेच मी शिकवते. अक्षर वाचा, अर्थ लावू नका, आपली मतं शिक्क्याखाली घालू नका. देवनागरीत ‘माडी’ लिहिलं तर त्यात काडीचं खोटं नाही. चौदा नंबर लिहिले तर तेही खरे. १२३ पुढं भोक आहे तिथं मी चौकोनी कंसात ‘अक्षर गहाळ’ लिहिते, तो नियमच आहे. सगळं नियमानं करून मी एक असा कागद देऊ शकत होते, की वाचणारा त्याला चाळीचा भाडेपट्टाच समजेल. मीसुद्धा तेच समजले होते.

मी म्हटलं, टीप घालते, माडी म्हणजे माडाचा रस. ते म्हणाले, टीप नको, टीप हे मत झालं. त्यावर आमची बरीच ओढाताण झाली. शेवटी मी टीप सोडून दिली. पण लिप्यंतर अर्ध्या कागदाचं देणार नाही, हे सांगितलं. पुढची बाजू, घडीतला रकाना आणि पाठ, सगळं एका पानावर, एका शिक्क्याखाली. देईन तर एवढं, नाहीतर काहीच नाही. आणि भाच्याकडं वळून सांगितलं, की फोनवरचं माझं बोलणं चुकलं होतं, ते मी लेखी द्यायला तयार आहे, आणि आजचे पैसे घेणार नाही.

तो काहीच बोलला नाही. वकिलांनी कागद परत त्याच घडीवर दुमडला. दीडशे वर्षांच्या जवळ आलेला कागद, घडीवर आणखी एकदा दुमडला की तिथंच फाटतो. मी हात पुढं केला होता, तो मागं घेतला. कागद त्यांचा आहे.

आत्या उठताना म्हणाली, “ते नंबर जरा वाच परत.” मी माझ्या वहीतून वाचले. ती ओठ हलवत मोजत होती. चौदा झाल्यावर म्हणाली, “बारा भरतात. दोन गेले.” आणि भाच्याचा हात धरून जिना उतरली.

त्याला तीन आठवडे झाले. लेखी खुलासा मी कुरिअरनं पाठवला, पोहोच आली, उत्तर नाही. परवा माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याच्याकडं व्हॉट्सॲपवर एक फोटो आलाय, म्हणाला, मुंबईचा, आंग्लकालीन, वरचा भाग वाळवीनं खाल्लेला, सोपा आहे, पण एका शेऱ्याचं पहिलं अक्षर लागत नाही. उजव्या कडेला घडी दिसते का, विचारलं. तो म्हणाला, फोटो कडेपर्यंत नाहीये.