आई तिकडे लिहिते, मी इकडे तपासते

आई तिच्या आठवणी लिहिते आहे. ती तिकडे टाइप करते, मी परदेशात बसून शुद्धलेखन बघते. मी झोपायला जाते तेव्हा तिचा दिवस सुरू होतो.

सुट्टीत घरी गेले होते तेव्हा तिचं फोल्डर पेन ड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर घेतलं. विमानतळावर बसून लॅपटॉपवरचं एक प्रकरण दुरुस्त केलं. इथे आल्यावर पेन ड्राइव्ह लावला, ‘तारीख नवी ती फाइल ठेव’ असं सांगून कॉपी केली आणि माझ्या सगळ्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या. पेन ड्राइव्ह फॅट-३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा होता. त्यात फाइलची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिली जाते, कुठल्या देशातलं घड्याळ ते लिहिलेलं नसतं. इकडचं घड्याळ तिकडच्यापेक्षा मागे, त्यामुळे तिकडची जुनी प्रत इथे काही तासांनी नवी दिसली. नुसत्या तारखेवर चालणारी पद्धत मी त्या दिवशी सोडली.

आरसिंक हे दोन ठिकाणच्या फाइली जुळवणारं सॉफ्टवेअर माझ्या आवडीचं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये आणलं. फाइलचा बदललेला भागच ते पाठवतं. पण त्याचा ओघ एका दिशेचा, आणि आमच्याकडे दोन्हीकडून बदल होतात. युनिसन हे असंच दुसरं सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंची मागची जुळलेली स्थिती लक्षात ठेवतं आणि दोघींनी एकच फाइल बदलली असेल तर विचारतं. फक्त ते विचारेल तेव्हा उत्तर द्यायला कुणीतरी समोर हवं. ते काम मला आईवर टाकायचं नव्हतं.

म्हणून सिंकथिंग हे तिसरं सॉफ्टवेअर. ते मागे गुपचूप चालतं, फाइली कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर साठत नाहीत. दोन्ही संगणक एकाच वेळी चालू मात्र लागतात. माझी रात्र आणि तिची सकाळ जुळते तेवढ्यात आमचं काम होतं. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय दोन्हीकडे चालू करा. दुसरीकडून आलेल्या बदलाखाली गेलेली प्रतच ती राखते, स्वतःच्या संगणकावर स्वतः केलेल्या बदलाची नाही.

शिवाय इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. त्यामुळे बॅकअप वेगळाच: दर रविवारी आरसिंकने बाहेरच्या डिस्कवर, आधी ड्राय-रन (खरी कॉपी न करता नुसती तालीम) करून काय बदलणार ते वाचून.

परवा फोल्डरमध्ये ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची फाइल दिसली. दोघींनी एकच परिच्छेद बदलला होता, म्हणून सिंकथिंगने एक प्रत या नावाने वेगळी ठेवली होती. फोनवर दोन्ही प्रती वाचल्या. “अगं, माझंच वाक्य राहू दे,” आई म्हणाली. राहू दिलं.